डिलीट दीदी आणि तिसरं टर्मिनल

स्नेहलला ऑफिसात ‘डिलीट दीदी’ म्हणत. हे नाव अकाउंट्समधल्या नीलेशने पाडलं होतं.

मार्चमध्ये चालू सर्व्हरवरचं ग्राहकांच्या तक्रारींचं अख्खं फोल्डर उडालं. सगळे इंजिनिअर एकाच लॉगिनने काम करत, त्यामुळे कोणी उडवलं ते मशीनवरून कळत नव्हतं. स्नेहलचं नाव सीनियर इंजिनिअर रणजित सरांनी सांगितलं. कॉपी केलेल्या ओळी चुकीच्या मशीनवर पडल्या असणार; आपण प्रत्येक कमांड हाताने टाइप करतो, कॉपी-पेस्ट ही स्नेहलची सवय, असं ते विभागप्रमुख विनीता मॅडमना म्हणाले. स्नेहलकडून सर्व्हरचं काम काढून घेतलं गेलं. तेव्हापासून गुढियारीहून नवा रायपूरपर्यंत दोन बस बदलत यायचं आणि लोकांचे पासवर्ड बदलून द्यायचे, एवढंच काम उरलं. फोनवरही नीलेश म्हणायचा, “दीदी, मेरा फोटो मत उड़ा देना.”

तिने काही उडवलं नव्हतं. सर्व्हरचं काम तिला परत हवं होतं, पण त्याआधी रणजित पकडला जायला हवा होता.

ऑगस्टमध्ये मॅडमनी तिला एक किरकोळ काम दिलं. टर्मिनल, म्हणजे ज्या खिडकीत टाइप करून दूरच्या मशीनला कमांड द्यायच्या ते सॉफ्टवेअर, सगळ्यांसाठी एकच निवडायचं होतं. तिने तीन वापरून पाहिली. एक नेहमीचं काळं. त्यात माउसचं उजवं बटण दाबलं की कॉपी केलेल्या ओळी न विचारता चालून जात. दुसरं झपाट्याने उघडे, पण हिंदी नावांच्या मात्रा अक्षरापासून सुटून पडत. तिसऱ्यात मात्रा जागेवर राहत, चालू सर्व्हरची खिडकी लाल करता येई, आणि अनेक ओळी पेस्ट करण्याआधी ते विचारे.

निवड तिथेच झाली होती. तरी प्रत्यक्ष कामावर तपासू, असं तिने मॅडमना सुचवलं. सर्व्हरच्या दोन नकला तयार केल्या, एक चालूची, एक सरावाची. काम करून दाखवायला रणजित सरांना बोलावलं.

“माझं काळंच ठेव,” ते बसता बसता म्हणाले. “रंगीत खिडक्या पोट्ट्यांसाठी असतात.”

“काळंच ठेवलं आहे, सर.”

दोन खिडक्या शेजारी होत्या, दिसायला सारख्या. सरावाच्या मशीनवरच्या जुन्या फाइली साफ करा, एवढंच तिने सांगितलं. सरांनी आपल्या नोटपॅडमधून तीन ओळी उचलल्या. मॅडमना जुन्या टर्मिनलचे फायदे सांगत सांगतच त्यांनी खिडकी पुढे घेतली आणि उजवं बटण दाबलं.

खिडकी चालूच्या नकलेची होती. तक्रारींचं फोल्डर गेलं. त्याच्या जागी ‘कचरा२’ नावाचं एक रिकामं फोल्डर आलं.

मॅडम पडद्याजवळ वाकल्या. “हे काय आहे?”

“तुम्ही मार्चमध्ये मले हेच विचारलं होतं, मॅडम. हे फोल्डर काहून बनवलं म्हणून. मी बनवलंच नव्हतं.”

रणजित सर म्हणाले की गडबडीत कोणाकडूनही होतं. मॅडमनी नोटपॅड उघडायला सांगितलं. पहिल्याच ओळीत ते फोल्डर बनवण्याची कमांड होती. मग हाताने टाइप करण्याचं काय, असं त्यांनी विचारलं. सरांनी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

सोमवारपासून स्नेहल सर्व्हरवर परतली. तिसरं टर्मिनल तिने सगळ्यांच्या मशीनवर बसवलं. सरांकडे एक ओळ पेस्ट केली तरी ते विचारायचं.

दोन दिवसांनी सर तिच्या टेबलाशी आले. “ते विचारणं बंद करून दे ना. दर वेळी खात्री आहे का, खात्री आहे का करून राहिलं.”

“ते बंद नाही होत, सर.”

होत होतं. सेटिंगमधली एक खूण काढायची होती, आणि सेटिंगचा पासवर्ड तिच्याकडे होता.

दुपारी नीलेशकडे काही काम नसताना ती अकाउंट्समध्ये गेली. इकडचं तिकडचं बोलली. निघताना दारात थांबून तिने विचारलं, “आज डिलीट भैया नाही आले का जेवायला?”

नीलेश हसला. संध्याकाळच्या बसपर्यंत ते नाव तिसऱ्या मजल्यावर पोचलं होतं.