मिनाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ

सोमवारी नांदेडला जायचं ठरलं होतं. वाचेच्या डॉक्टरांकडे नंबर लावला होता. माझी मिना साडेतीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. 'पाणी', 'दे', 'नको' एवढंच, तेही ओठातल्या ओठात. अंगणवाडीत तर तेवढंही नाही. तांड्यावरच्या बायका तोंडावर काही म्हणत नव्हत्या, पण मिनाशी बोलताना हातवारे करू लागल्या होत्या. ते माझ्या लक्षात आलं होतं. माझ्या सगळंच लक्षात येतं. ती किती जेवली, कुणाकडे बघून हसली, हाक मारली की मान वळवते का, सगळं मी वहीत लिहून ठेवते.

शुक्रवारी दुपारी अंगणवाडीच्या मोहिनीताई घरी आल्या. नुकतंच त्यांचं प्रशिक्षण झालं होतं.

"परीक्षा न्हाई घेऊन राहिले, पुजा. घाबरू नका," त्या म्हणाल्या. "रोज शिकवता तसं शिकवा. मोबाईल ह्या डब्याला टेकवून ठेवते, मी बाहेर ओट्यावर बसते. दोन मिनिटं. मंग दोघी मिळून बघू, तुमचं काय चांगलं व्हतंय ते."

"चांगलं होत असतं तर लेकरू बोललं नसतं का, ताई?"

"बघू तर."

अंगणात हळद वाळत होती. त्यातली मूठभर हळकुंडं आणून मी मिनासमोर ठेवली आणि तीन वेगळी काढली. "मिना, ही किती? तीन. म्हण, तीन." ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. "तीन. म्हण ना." कुकरची शिट्टी झाली म्हणून मी मागच्या खोलीत जाऊन गॅस बंद करून आले आणि परत 'तीन' सुरू केलं. रोजच्यासारखंच. तिच्या तोंडातून शब्द नाही.

ताई आत आल्या. मोबाईल माझ्या हातात दिला.

पडद्यावर मी माझ्याच तोंडाकडे बघत होते. किती जोरात बोलत होते मी. मग पडद्यावरची मी उठून गेले, आणि माझी पाठ दिसेनाशी झाली तशी मिना पुढे सरकली. तिनं हळकुंडं ओळीनं लावली. एकेकावर बोट ठेवत मोजली. सातापर्यंत. एक चुकलं नाही. मग सगळ्यात जाड हळकुंड उचललं, त्याच्यासमोर हात नाचवला आणि त्याला झापलं, की तू बाटी, म्हणजे भाकरी, खाल्ली नाहीस, आता बकऱ्यांमागं कशी जाशील, वाटेत चक्कर येऊन पडशील. सगळं आमच्या बोलीत, आम्ही लमाण लोक बोलतो त्या गोरबोलीत. हळू, पण एकेक शब्द स्पष्ट.

पडद्यावर माझे पाय परत आले. मिनाचं तोंड मिटलं.

मी ते तीनदा बघितलं.

"काय बोलून राहिली ती?" ताईंनी विचारलं. "मला तुमची बोली कळत न्हाई."

"जेवायला सांगतेय," मी म्हणाले.

सासूबाई, नानीबाई, दारात निवडायचं सूप घेऊन बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बकऱ्याच्या गोठ्यात तर लई बोलतंय. गप म्हनलं तरी न्हाई ऐकत."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तूच म्हनलीस ना, लेकरापुढं गोरबोली नको, मागं पडतंय. मंग तुला कसं सांगू?"

"बाई, मी तिला नांदेडला नेऊन राहिले. तरीही नाही सांगितलं?"

"मला वाटलं, त्यो मराठी बोलायला लावायचा डाक्टर हाय."

ताई हसल्या नाहीत. खाली चटईवर बसल्या आणि पदर हातात घेऊन गुंडाळू लागल्या.

"पुजा, तुमाला हे कुणी सांगितलं व्हतं?"

त्यांना ठाऊकच होतं. मिना दीड वर्षाची असताना मातांच्या बैठकीत त्यांनीच सांगितलं होतं, घरात मराठीच बोला, म्हणजे शाळेत तकलीफ होणार नाही. बाकीच्या बायकांनी माना हलवल्या आणि विसरल्या. मी विसरले नाही. मी बी.ए. झालेली. हिंगोलीत कॉलेजला असताना माझ्या बोलण्यावर वर्ग हसला होता. म्हणून त्या बैठकीच्या संध्याकाळपासूनच घरात आमची बोली बंद केली. नवऱ्याशी भांडले, सासूला बकऱ्यांच्या गोठ्यात पाठवलं.

"माझं चुकलं," ताई म्हणाल्या. "ट्रेनिंगात सांगितलं तव्हा मला तुमचंच घर आठवलं. घरच्या बोलीत लेकरू भरपूर बोललं की मराठी मागून येती म्हने. म्हनून आधी तुमच्याकडं आले. सांगायची हिंमत न्हाई झाली, म्हनून व्हिडिओ पुढं केला."

दोन वर्षं, ताई. हे माझ्या मनात आलं, तोंडात नाही. त्यांच्यावर चिडावं तर नियम मी पाळला होता, एकटीनं, वहीत लिहून.

मिना हळकुंडांपाशीच बसली होती. मी तिच्यासमोर मांडी घातली. आमच्या बोलीत लेकराशी काय बोलायचं असतं तेच मला सुचेना. शेवटी ते जाड हळकुंड उचललं आणि आमच्या बोलीत विचारलं, "ह्यानं बाटी खाल्ली का गं?"

मिनाचे डोळे मोठे झाले. तिनं पटकन उठून आपला तळहात माझ्या तोंडावर दाबला. ताईंकडे एक नजर टाकली, आणि माझ्या कानात पुटपुटली, "ताई बेठी छ."

ताई बसल्यात. म्हणजे, बोलू नकोस.

माझ्या लेकरानं माझ्याशी बोललेलं पहिलं पूर्ण वाक्य.

"काय म्हनली?" ताईंनी विचारलं. मी सांगितलं. त्या गुडघ्यांवर पुढे सरकल्या, एक हळकुंड हातात घेतलं आणि मिनाला म्हणाल्या, "मला न्हाई येत तुमचं मोजायला. तू शिकव."

मिनानं ताईंकडे बघितलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. बोल म्हणून मी मान हलवली. ती हलली नाही. मी परत हलवली.

तिचा हात अजून माझ्या तोंडावरच होता.