बाबांनी टाकलेला नांगर

माझ्या शब्दकोशात नांगरतळाचा अर्थ दिला आहे: वाऱ्यापासून आडोसा असलेली, जहाजांना नांगर टाकून थांबता येईल अशी जागा. शाळेत असताना मी तो बाबांना वाचून दाखवला, तेव्हा ते म्हणाले, "अर्धंच लिहिलंय. कोणत्या वाऱ्यापासून, ते विचार त्या शब्दकोशवाल्याला."

बाबा जाऊन महिना होत आला होता. त्यांची मालाची बोट पश्चिमेच्या डोंगराखाली, त्यांच्या नेहमीच्या नांगरतळावर उभी होती. दुखणं अंगावर काढत त्यांनी शेवटची फेरी केली, नांगर टाकला, छोटी होडी वल्हवत घरी आले आणि पुन्हा बोटीवर गेलेच नाहीत. आता बोट दादा चालवणार होता. घर तिच्यावरच चालायचं. आज जाऊ, उद्या जाऊ, असं त्याचं चाललं होतं आणि मी त्याला घाई करत नव्हते. बाबांच्या हातचा तो नांगर कुणी उचलू नये, एवढंच मला वाटायचं.

त्या दुपारी मला एका जागी बसवेना. पुस्तक उघडलं, मिटलं. घड्या घातलेले कपडे पुन्हा उलगडले. समुद्राकडच्या खिडकीचा पडदा एरवी बाहेर ओढला जायचा, तो आत फुगत होता.

आई ओल्या हातांनी खिडकीशी आली. "वारा पूर्वेचा झालाय. उठा, बोट दुसऱ्या आडोशाला हलवायला हवी."

"बाबा कायम तिथेच लावायचे," दादा म्हणाला. "वादळातसुद्धा."

"पश्चिमेच्या वादळात. पूर्वेचा सुटला की बोट खडकांवर जाईल म्हणून भरल्या ताटावरून उठून जायचे. तुला काय ठाऊक? तुझं घोरणं चालू असायचं."

"थोडं थांबू या ना, आई," मी म्हटलं. "पडेल वारा."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "खडकाला कळतं का गं, नांगर कुणी टाकलाय ते?"

आम्ही तिघं होडीतून निघालो. दादा वल्हवत होता आणि आई त्याला, "जेवलास ना रे?" म्हणून टोमणे मारत होती. बोटीचं तोंड एरवी डोंगराकडे असायचं. आता ती पुरती फिरली होती आणि तिची पाठ खडकांकडे होती. तिच्यामागे फेस उडताना दिसत होता.

वर चढताच दादा इंजिनकडे धावला. आई नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकावर वाकली आणि ताणलेल्या साखळीवर तळहात ठेवून उभी राहिली, ताप बघावा तशी.

"हात लाव," ती मला म्हणाली.

साखळी थरथरत होती. मध्येच सुटल्यासारखी व्हायची, मग हिसका.

"नांगर घसरतोय," आई म्हणाली. "सकाळपासून घसरत असेल."

म्हणजे बाबांनी टाकला होता तिथे तो नव्हताच. मी घरात बसून ज्याची राखण करत होते, ती जागा केव्हाच मागे पडली होती.

इंजिन खोकलं, गप्प झालं, पुन्हा खोकलं आणि लागलं. आईने सुकाणू धरलं. "ओढ आता! बघत काय राहिलीस?"

मी ओढू लागले. नांगर चिखलासकट वर आला, नाळेवर आपटला. दादाने पुढे होऊन तो बांधला. मग बोट डोंगराकडे पाठ करून उघड्या समुद्रात शिरली आणि पहिली लाट आमच्या तिघांच्या अंगावर आली.