कोरड्या पात्रातला शेवटचा सामना

शनिवारी सकाळी आम्ही गोलचे खांब रोवत होतो, तेव्हा निरोप आला की पाणी वरच्या वळणापर्यंत पोहोचले आहे. निरोप आणणारा ट्रकचालक सांगत होता की ते म्हाताऱ्या माणसाच्या चालीने येते आहे, पण थांबत मात्र कुठेच नाही. ऑगस्टचे आभाळ निरभ्र होते. पाऊस पडला होता तो कित्येक महिन्यांपूर्वी, दूर उत्तरेकडच्या डोंगरांत. आमच्या वाट्याला त्याचे फक्त पाणी येणार होते, आणि तेही अठरा वर्षांनी.

बोतेती नदीचे पात्र कोरडे पडले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. नदीची माझी आठवण म्हणजे चिखलाचा वास, एवढीच. पुढे या पात्रातच आमची विहीर खणली गेली, पात्रातूनच वाट पडली आणि पात्रातच फुटबॉलचे मैदान झाले. दर ऑगस्टमध्ये पूर्वकाठ आणि पश्चिमकाठ यांचा सामना होई. जो जिंकेल त्या काठाच्या गुरांना वर्षभर विहिरीवर पहिली पाळी. बरोबरी झाली तर मागच्या वर्षीचीच पाळी पुढे चालू. पहिल्या काठाची गुरे पिऊन गेली की विहिरीत चिखल उरे, आणि पुन्हा झरा भरेपर्यंत दुसऱ्या काठाने उन्हात उभे राहायचे. आमचा पूर्वकाठ सलग सहा वर्षे हरला होता. माझी आई, म्हणजे गावाची म्मा-मोआगी, मोआगीची आई, आपल्या तेवीस गाई घेऊन रोज दुपारपर्यंत तिष्ठत असे. गेल्या वर्षी शेवटच्या मिनिटाला मी मारलेला चेंडू खांबाला लागून परतला होता. दुसऱ्या दिवशी आई नेहमीसारखी गाई घेऊन विहिरीवर जाऊन उभी राहिली, आणि तेच मला अधिक लागले होते.

नदीच येणार असेल तर विहिरीच्या पाळीसाठी कशाला खेळायचे, असे काहींनी विचारून पाहिले. मोत्सामाई मामांनी ते उडवून लावले. मामा सगळ्या गावाचेच मामा, आणि सामन्याचे पंचही तेच. पाणी येते तसे जातेही, ते गेले की पाळी ठरलेली असलेली बरी, असे त्यांचे म्हणणे. खरे कारण सर्वांना ठाऊक होते. एकदा मैदान बुडाले की ते पुन्हा केव्हा उघडे पडेल, कोणी सांगावे? आज जो निकाल लागेल तो कदाचित आमच्या मुलांनाही ऐकावा लागणार होता. अखेर वीस-वीस मिनिटांचे दोन डाव खेळायचे ठरले.

पश्चिमकाठाचा कप्तान आणि गोलरक्षक बाइपिदी हिऱ्यांच्या खाणीत कामाला होता आणि सामन्यासाठी रजा काढून आला होता. मला पाहताच त्याने सुरुवात केली.

"मोआगी, मी रोज ढिगाऱ्यातून ज्वारीच्या दाण्याएवढा हिरा वेचतो. तुझा चेंडू तर कलिंगडाएवढा आहे. सुटेल होय माझ्या नजरेतून?"

पहिल्या डावात त्यांनी एक गोल केला. दुसऱ्या डावात आम्ही तो फेडला. काठावरच्या बायका इतक्या ओरडत होत्या की मामांची शिट्टी ऐकू येईना. शेवटची तीन मिनिटे उरली असतील, तेवढ्यात उत्तरेच्या गोलामागे, पात्राच्या वळणावर, पाणी दिसले.

ती लाट नव्हती. वीतभर उंचीची, तपकिरी, फेसाळ अशी एक जीभ काटक्या, पालापाचोळा आणि जीव वाचवायला धडपडणारे किडे पुढे ढकलत येत होती. वाळू ते पाणी पिताना तापल्या तव्यावर शिंतोडे उडावेत तसा आवाज होत होता. नेमका त्याच वेळी चेंडू माझ्या पायात आला. समोर एकटा बाइपिदी होता, आणि तोही माझ्याकडे पाठ करून उभा. पाणी टाचांना लागताच तो मागे वळला होता आणि खाली वाकून दोन बोटांनी ते चाचपत होता.

मी सारा जोर लावून चेंडू मारला. चेंडू त्याच्या बाजूने सरळ गेला, गोलरेषेपाशी पोहोचला, त्या फेसाळ कडेवर आदळला आणि थांबला. मग सावकाश मागे फिरला. मी पुन्हा मारायला धावलो आणि माझेच पाय पाण्यात पडले. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत अशी थंडी चढली की मी जिथल्या तिथे थबकलो. वाहते पाणी पायांना आपल्याबरोबर चल म्हणते, हे मला कोणी सांगितले नव्हते.

त्यानंतर सामना कोणालाच आठवला नाही. दोन्ही काठांवरून माणसे उतरली, म्हाताऱ्या घागरे खोचून नाचू लागल्या. दोन्ही संघ एकमेकांच्या गळ्यात पडले, आमचा गोलरक्षकसुद्धा आपली जागा सोडून आला. शिट्टी मात्र अजून झाली नव्हती.

आईच्या ते लक्षात आले. "मोआगी, अरे चेंडू बघ!"

चेंडू पाण्याच्या कडेवर डुलत डुलत मैदान पार करून थेट आमच्या मोकळ्या गोलापाशी गेला होता. मी जिवाच्या आकांताने पळालो. ओल्या वाळूत पाय रुतत होते; चार पावले उरली असताना मी तोंडावर आपटलो. घरची गाय गोठ्यात शिरावी तितक्या निवांतपणे चेंडू खांबांमधून आत गेला.

तेव्हा मामांनी शिट्टी फुंकली. पश्चिमकाठाने एकच जल्लोष केला. मामांनी हात वर करून सर्वांना गप्प केले आणि शेवटचा पाय कोणाचा लागला, असे बाइपिदीला विचारले.

बाइपिदीने ओली बोटे सदऱ्याला पुसली. "आमच्या कोणाचाच नाही, मामा. नदीनेच अडवला आणि नदीनेच मारला. मी तर पाणी बघत होतो."

"मग नदी कुठल्या काठाची?" मामांनी विचारले.

मामा हसले. "दोन्ही काठांची. म्हणून गोलही दोघांच्या नावावर. दोन-दोन. बरोबरी."

म्हणजे पहिली पाळी पुन्हा पश्चिमेचीच. नाकातोंडातली वाळू थुंकत मी उठलो आणि आईकडे गेलो. सातव्या वर्षीही तिला पाळी मिळवून देता आली नाही, एवढेच मी कसेबसे म्हणालो.

तिने माझ्या मागे बोट दाखवले. पाण्याचा वास घेत आमच्या तेवीस गाई उतार उतरून आल्या होत्या. पश्चिमेची गुरेही समोरून आली होती. दोन्हीकडच्या माना खाली, शिंगाला शिंग लागेल इतक्या जवळ, आणि पिण्याचा तो चुळुकचुळुक आवाज लांबवर पसरलेला.

"पहिली पाळी कोणाची म्हणतोस?" आई म्हणाली. "जा, त्यांनाच विचारून ये. आणि येताना विहिरीवरचा दोर उचलून आण, नाहीतर तोही गोल करायला जाईल."