ओल्या बांबूची शिडी

साल अठ्ठावन्न. माणगावात भातगिरणीच्या नव्या गोदामावर कौलं चढवायचं काम होतं. माझे यजमान भागोजी वर कौलं बसवत, मी खालून वाहत असे. मार्गशीर्षातल्या एका सकाळी शिडीची पायरी फिरली आणि हे जोत्याच्या दगडावर पडले. मांडीचं हाड मोडलं.

यांना इस्पितळात ठेवून मी परतले, तोवर मुकादम कोंडाजी सगळ्यांना सांगून मोकळा झाला होता, "भागोजी पिऊन चढला. पाय बरा झाला तरी माझ्या टोळीत नको."

यांनी जन्मात दारूला बोट लावलं नव्हतं. पण पिणारा म्हणून नाव पडलं की कुठलाच मुकादम यांना छपरावर चढू देणार नव्हता.

मी शिडीपाशी गेले. माझा बाप म्हसळ्याला शिड्याच बांधायचा. आमच्यात बांबू अवसेला तोडतात, दोन महिने सावलीत वाळवतात, मगच काथ्या आवळतात. ओला बांबू बांधला तर तो वाळताना आक्रसतो आणि गाठी ढिल्या पडतात. कोंडाजीने घाईत ओलाच बांधून घेतला होता. चौथ्या पायरीच्या गाठीत माझी करंगळी सरळ आत गेली.

"मुकादम, माझा माणूस प्यायला होता ना?"

"व्हय. वास येत होता."

"तुम्ही तर शुद्धीत हाय. मग चढा की."

सगळी टोळी काम टाकून बघत राहिली. माझ्याबरोबर कौलं वाहणारी रंगू म्हणाली, "चढा मुकादम, खाली पेंढा टाकते. लागायचं न्हाय."

कोंडाजी धोतर खोचून चढला. चौथी पायरी फिरली. मी खालून खांदा दिला म्हणून वाचला. नडगी सोलून खाली बसला.

"आता तुमच्या तोंडाचा वास घेऊ काय?"

माणसं हसू लागली. तो मान खाली घालून म्हणाला, "केसर, शिड्या तू सांगशील तशा बांधू."

"त्या बांधूच. आधी माझ्या माणसाचं सांगा."

"भागोजी प्यायला नव्हता."

"गिरणीच्या दारात ऐकू गेलं न्हाय."

त्याला पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं.

वैशाखात नागावच्या कामावर हे लंगडत आले. शिडीचा पाय कोंडाजीने स्वतः धरला. हे आढ्यावर जाऊन बसले आणि वरून हाक आली, "अगं, कौलं दे. बघत काय राहिलीस?"