चरबीघर

"अहाहा! काय गुलाबाचा वास आहे हो!" विहीणबाईंनी दारातच डोळे मिटून मोठ्ठा श्वास घेतला. म्हातारी उंबऱ्यातच थबकली.

या जागेला गुलाबाचा वास? म्हातारीचा नवरा जन्मभर याच साबणाच्या कारखान्यात चरबी कढवायचा. खाटकांकडून पिंपं भरभरून यायची, वर माशांचं मोहोळ. तो कामावरून परतला की शेजारीपाजारी धाडधाड खिडक्या लावून घेत. अंग घासघासून सालपटं निघाली, तरी वास हटला नाही. आता कारखाना बंद पडला होता. भिंतींना रंग फासून, गुलाबाचं अत्तर फवारून तिथं संग्रहालय थाटलं होतं. बाहेरगावचे लोक तिकीट काढून जुना वारसा बघायला यायचे. व्याही-विहीणबाई पहिल्यांदाच गावात आले होते आणि हेच बघायचं म्हणून हटून बसले होते.

"आई, तिथं काही बोलू नकोस हं," मुलानं निघतानाच बजावलं होतं.

लग्न ठरताना त्यानं सासरच्यांना सांगून टाकलं होतं, की बाबा साबणांचे सुगंध तपासायचे. बाप जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पोराचं जमलेलं मोडू नये म्हणून म्हातारीनंही मान डोलावली होती. ती मान तेव्हापासून अवघडलेलीच होती.

"आमचे व्याही इथलेच बरं का!" व्याह्यांनी माहिती सांगणाऱ्या मुलीला कौतुकानं सांगितलं. "सुगंध तपासायचे. काय नाक असेल त्यांचं!"

कसलं नाक! शेवटी शेवटी नासलेल्या दुधाचाही वास त्याला कळत नसे.

"हे चरबीघर," मुलगी म्हणाली. कढई घासूनपुसून लख्ख केली होती, खालून लालपिवळे दिवे सोडले होते. "इथल्या कामगारांना बाकीचे लोक जेवताना शेजारी बसू देत नसत. गमतीच असायच्या एकेक!"

"गमती?" म्हातारी म्हणाली.

मुलानं हळूच तिचा दंड दाबला. म्हातारी गप्प बसली. या लोकांची किळस येत होतीच. त्याहून जास्त किळस तिला स्वतःच्या गप्प बसण्याची आली.

बाहेर पडायच्या दाराशी एक उंच फळी उभी केली होती. तिच्यावर मेणचट कपड्यातला चरबीवाला रंगवला होता, हातात बादली, अंगातून हिरव्या वाफा निघतायत, भोवती माशा. दोन्ही बाजूंचे कामगार नाक धरून पळतायत. चरबीवाल्याच्या चेहऱ्याच्या जागी भोक होतं. मागून तोंड घालायचं आणि फोटो काढून घ्यायचा. लोक हसून हसून बेजार झाले होते.

व्याह्यांनी आधी तोंड घातलं. विहीणबाईंनी नाक चिमटीत धरून फोटो काढला. "ई, लांब व्हा बाई!" असंही वर म्हणाल्या.

"आता जावईबापू!"

"नको हो बाबा, राहू दे," मुलगा म्हणाला. सासऱ्यांना तो बाबाच म्हणायचा.

"अहो, लाजता काय? जा की!"

तो फळीमागे गेला. भोकातून त्याचा चेहरा बाहेर आला आणि म्हातारीनं निरखून पाहिलं. तेच कपाळ, तोच खाली झुकलेला ओठ. कामावरून येऊन दाराबाहेर थांबून राहणारा तिचा नवरा असाच दिसायचा. कुणी आत ये म्हणेल का, अशी वाट बघणारा. पोरगा मात्र दात काढून हसत होता. व्याह्यांनी नाक धरलं.

"शोभतंय हो तुम्हाला!" विहीणबाई खिदळल्या.

"शोभणारच," म्हातारी म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "बापाचंच काम आहे ते. माझा नवरा इथं चरबी कढवायचा. सुगंधबिगंध काही नाही. तसं सांगितलं ते खोटं, आणि त्या खोट्यात मीही होते."

रांगेतली माणसं वळून बघू लागली. व्याह्यांचा हात नाकावरच राहिला होता, तो त्यांनी हळूच खाली घेतला. भोकातलं हसू विरलं. मुलगा डोकं मागे ओढू लागला.

"थांब तिथंच," म्हातारी म्हणाली.

तो थांबला. ती पुढे गेली आणि रंगवलेल्या त्या मेणचट खांद्याला खांदा लावून, पाठ ताठ करून उभी राहिली. जन्मात तिचा नि नवऱ्याचा एकत्र एकही फोटो निघाला नव्हता. मुलाचा श्वास तिच्या कानाशी जोरजोरात लागत होता.

"काढा आता," ती म्हणाली.

विहीणबाईंनी फोन वर धरला.

"जरा हसा," सवयीनं त्या म्हणाल्या.

कुणी हसलं नाही.