रंग वगळून

ताईने खिडकीचा पडदा ओढला. धाकटीने तो पुन्हा बाजूला सारला.

"नको गं उजेड. सगळं दिसेल."

"मग मी फोटो कशाचा काढू, अंधाराचा?"

फोटो काढणं हा धाकटीचा धंदाच होता. काविळीने ताईचा चेहरा, डोळे, नखंसुद्धा पिवळी पडली होती आणि सोमवारी शस्त्रक्रिया ठरली होती. परदेशी शिकणाऱ्या लेकीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिची शेवटची परीक्षा तोंडावर आली होती. ती संपेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही, ही ताईची काळ्या दगडावरची रेघ. व्हिडिओ कॉल टाळण्याच्या सबबी संपल्या तेव्हा लेकही हटून बसली, निदान एक फोटो तरी पाठव म्हणून.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का, असं धाकटीने सुनावून पाहिलं. ताई बधेना. अखेर धाकटीनेच वाट काढली: फोटो कृष्णधवल करू, पोरीला वाटेल मावशीला नवं खूळ लागलंय.

ताई खुर्चीत ताठ बसली. फोटो निघाला. कॉम्प्युटरवर धाकटीने रंग काढून टाकले आणि पिवळेपणा पार गेला. उरल्या त्या सुरकुत्या, हनुवटीवरचा जुना व्रण आणि ते हट्टी ओठ. लोकांच्या लग्नांचे रंग गडद करून देण्यात धाकटीची उमर गेली होती. सख्ख्या बहिणीचा चेहरा तिने असा कधी न्याहाळलाच नव्हता. तिला भरून आलं.

"बरी दिसतेय की," ताई म्हणाली. "पाठव."

उत्तर लगेच आलं. धाकटीने ते वाचलं आणि फोन ताईकडे दिला.

'आई किती सुंदर दिसतेय! पण मावशी, तुझा कॅमेरा तर रंगीत फोटो काढतो. मग रंग का काढून टाकलेस? मला रंगीत पाठव. परीक्षा मी देणारच. तिचीच लेक आहे मी.'

ताईने ते पुन्हा वाचलं. चष्मा पुसला. धाकटी कॉम्प्युटरवर मूळ फोटो शोधू लागली, तशी ताईने तिचा हात धरला.

"तो नको. त्यात मी भ्यायलेली दिसतेय."

तिने केस नीट केले, खुर्ची खिडकीजवळ ओढली आणि उरलासुरला पडदाही सारला.

"हं, आता काढ."