फाटकाची चावी

वकील ऑर्लँडो टिबेट्स माझी केस फुकट लढत होते. त्या केसवर त्यांनी तीन निवडणुका जिंकल्या.

रेल्वे कंपनीनं आमच्या सफरचंदाच्या बागेतून रूळ टाकले, कुंपण घातलं आणि फाटकाला कुलूप ठोकलं. माझ्या नवऱ्याची, असाहेलची कबर पलीकडे राहिली. मला तिथं जायला वाट हवी होती, बाकी काही नको होतं.

निवडणूक आली की वकीलसाहेब मला काळा झगा घालून मंचावर बसवायचे. "बघा ही अबला!" म्हणायचे. मी एकटी डुक्कर कापते, आणि म्हणे अबला!

न्यायाधीश वर्षातून दोनदा घोड्यावरून आमच्या गावी यायचे. दर वेळी वकीलसाहेब तारीख मागून घ्यायचे. कारण एकच, साक्षीदार आजारी. सहा वर्षांत तो मेला बराही झाला नाही आणि मेलाही नाही.

या वसंतात वकीलसाहेब शेजारच्या गावी भाषणाला गेले होते, म्हणून मीच कोर्टात उभी राहिले. न्यायाधीशांनी रेल्वेच्या वकिलाला विचारलं, "हिला चावी द्यायला तुमची हरकत काय?"

"काहीच नाही. कधी कुणी मागितलीच नाही."

चावी माझ्या वकिलामार्फतच द्यायची, असा कोर्टाचा नियम. परत आल्यावर वकीलसाहेबांनी सही करून ती घेतली आणि त्यांचं तोंडच उतरलं.

"जेरूशाबाई, एवढ्यावर समाधान मानता? मी वरच्या कोर्टात जातो."

"मला चावी द्या."

"देतो हो," त्यांनी कोटाचा खिसा थोपटला. "पण नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत जरा दुःखात राहा ना."

माझा संताप झाला. तरी ऑक्टोबरच्या सभेला गेले, कारण तो कोट तिथं येणार होता.

"या माउलीला नवऱ्याच्या कबरीपाशी पोचवल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही!" ते गरजले. मी उठले. आता ही रडणार म्हणून लोक पुढे सरकले. मी वकीलसाहेबांच्या खिशात हात घातला.

"ही त्या फाटकाची चावी," मी म्हटलं. "सहा महिने यांच्या खिशात आहे."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "मग जा की बाई, थांबलीस कशाला?"

मी निघाले. पाठीमागे वकीलसाहेबांनी घाईघाईनं बँड सुरू करायला लावला. निवडून आलेच ते पुन्हा.

असाहेलच्या कबरीवर कमरेएवढं गवत माजलं होतं. खाली बसून मी सहा वर्षांचं रडून घेतलं. तिथं टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.